जिना रिकामा हवा

४ जुलै

दादा,

तू फोन घेत नाहीस, घेतलास तरी लगेच वहिनीच्या हातात देतोस, म्हणून हे पत्र. पत्राला तोंडी उत्तर द्यावं लागत नाही. वाच, नाहीतर फाडून टाक, तुझी मर्जी. फक्त वहिनीला मोठ्याने वाचून दाखवायला सांगू नकोस. झटक्याने बोलणं अडलं तरी तुला वाचता येतं हे तुझ्या डॉक्टरांनीच मला सांगितलंय, तेव्हा सोंग चालणार नाही.

मागच्या वेळी मी आले तेव्हा तू पाटी भिरकावलीस. पाटीवर डाव्या हाताने लिहिलं होतंस, ‘मी तुझा पेशंट नाही.’ मला राग आला होता. अजून आहे थोडा. मी पेशंटशी किती चांगली वागते हे तुला ठाऊक नाही. तुझ्याशी वागते त्याहून कितीतरी चांगली. म्हणून तुला एका पेशंटचीच गोष्ट सांगते.

परवा दुपारी आमच्या अँब्युलन्सला कॉल आला. तिसरा मजला, लिफ्ट नाही, दम लागलाय. मी आणि ड्रायव्हरकाका ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन वर गेलो. काकांचे गुडघे कुरकुरतात, त्यामुळे तिसरा मजला म्हटलं की ते आधी इमारत बांधणाऱ्याचा उद्धार करतात, मग चढतात. दार एका म्हाताऱ्या बाईंनी उघडलं. आत गेलो तर मला वाटलं आपण दुकानात आलो. भिंतीला फळ्या, फळ्यांवर मिक्सर, इस्त्र्या, टेबलफॅन, प्रत्येकाला मालकाच्या नावाची चिठ्ठी. आणि मध्ये पलंगावर बसलेला एक माणूस. दादा, मी इतका जाड माणूस जवळून पाहिला नव्हता. चाळिशीचा असेल. पाय सुजून खांबासारखे, एका पोटरीची कातडी लालभडक, ओली. धाप लागली होती आणि तरी हातात स्क्रू ड्रायव्हर होता.

मास्क लावला. बोटाला ऑक्सिजन मोजायचं मशीन लावलं. आकडा बघून काकांनी ते काढून पुसलं आणि परत लावलं, म्हणजे आकडा किती वाईट असेल बघ. पायात जंतू पसरले होते, छातीत पाणी होत होतं. मी म्हटलं, “तुम्हाला आत्ता हॉस्पिटलला न्यावं लागेल.”

ते म्हणाले, “इथंच काय करायचं ते करा.”

“इथं नाही होणार.”

“मग राहू द्या. मी जिन्यावरून जाणार नाही.”

त्यांची आई दाराशी उभी होती. तिने मान खाली घातली. तिला कारण माहीत होतं, मला नव्हतं. काकांनी समजावलं, मी समजावलं, थोडी भीतीही घातली. ते शांतपणे ऐकत होते आणि नाही म्हणत होते. शुद्धीत असलेल्या माणसाला आम्ही उचलून नेऊ शकत नाही, आणि नेऊ नयेच. कंट्रोल रूम सारखी विचारत होती, गाडी मोकळी झाली का. ऑक्सिजनने आकडा जरा वर आला. भागातल्या डॉक्टरीणबाईंना फोन लावून मी औषधं सुरू करून घेतली, भाड्याचं ऑक्सिजन मशीन मागवलं, आणि निघाले.

निघताना मी चार्जिंगला लावलेला फोन काढला, तर ते म्हणाले, “तुमच्या चार्जरची पिन सैल झाली आहे. द्या, दोन मिनिटांचं काम.”

जीव जात होता, आणि माझा चार्जर दुरुस्त करत होते. काय बोलणार अशा माणसाला.

तुझी,
ठेंगी


११ जुलै

दादा,

उत्तर आलं नाही. मी काही वाट बघत नव्हते. वहिनी म्हणाली, पत्र तू तिच्याकडून काढून घेतलंस आणि खोलीत गेलास. ती म्हणाली तू आता दुपारीही पडदे ओढून बसतोस. बोलायला गेलास की ‘पाणी’ म्हणायचं असतं आणि ‘खिडकी’ निघतं, म्हणून बोलतच नाहीस. भेटायला आलेल्यांना ती दारातूनच चहा पाजून परत पाठवते. तुझ्या त्या वकील मित्राला तर चहाही मिळाला नाही म्हणे.

मिक्सरवाल्यांकडे मी रोज जातेय, ड्यूटी संपली की. मी त्यांना हेच नाव ठेवलंय, त्यांनाही आवडलं. पायाची जखम धुते, पट्टी बदलते. आमच्या साहेबांना कळलं. म्हणाले, “हे तुझं काम नाही.” मी म्हटलं, “म्हणूनच कामानंतर जाते.” ते चिडले, पण जाताना पट्ट्यांचा एक गठ्ठा माझ्या टेबलावर राहिला होता. विसरले असतील.

पहिले दोन-तीन दिवस ते पायाकडे बघायचेच नाहीत. मी पट्टी सोडायला लागले की तोंड भिंतीकडे. मी आपली पायाशी फरशीवर बसून काय वाटेल ते बोलायचे. काकांचे गुडघे, माझी घरमालकीण, तुझे कोर्टातले किस्से. हो, तुझे किस्से सांगते मी सगळ्यांना, परवानगी न घेता. त्या साक्षीदाराचा, जो उलटतपासणीत शेवटी तुलाच विचारतो, “साहेब, तुम्ही होतात का तिथं?” ते इतके हसले की मशीनची नळी निसटली.

आणि मग आपणहून सांगितलं. पाच-सहा वर्षांपूर्वी ते बाथरूममध्ये पडले होते. तेव्हा स्ट्रेचरवर मावले नाहीत. चादरीत घालून सहा जणांनी खाली आणलं. जिन्याच्या प्रत्येक वळणावर माणसं उभी. अंगावरचा कपडा सरकलेला, दोन्ही हात धरलेले, त्यामुळे ओढून घेता येईना. कुणीतरी मोबाईलवर शूटिंग केलं. दवाखान्यात असतानाच ते फिरत फिरत त्यांच्याच फोनवर आलं, खाली हसण्याचे चेहरे. परत आल्यावर ते पुन्हा खाली उतरले नाहीत. दुकान वर आणलं. गिऱ्हाइकं वस्तू दारात आईकडे देतात, दारातूनच घेऊन जातात. अख्ख्या इमारतीचे मिक्सर त्यांच्या हातून गेलेत, आणि तेव्हापासून त्यांना कुणी बघितलेलं नाही.

“मला मरायची हौस नाही,” ते म्हणाले. “पण ते परत नको.”

दादा, आम्हाला समजावायला शिकवतात. मी समजावायला तोंड उघडलं होतं. पण त्यांच्या आईने माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं. तिचं हे सगळं समजावून झालं असणार, कितीदा तरी. मग मी वेगळंच विचारलं. “काय काय असलं तर तुम्ही खाली याल?”

ते हातातल्या स्क्रू ड्रायव्हरने पलंगाची कड टोकरत राहिले. मी घड्याळाकडे बघितलं नाही. मग म्हणाले, “जिना रिकामा हवा. चादर नको. बसून जाईन, आडवा नाही. आणि अंगावर काहीतरी घट्ट हवं.”

“एवढंच?”

“एवढंच म्हणजे काय? एवढं कोण करतं?”

मी म्हटलं, बघू. घरी येताना वाटलं, आपण उगाच शब्द देऊन बसलो.

तुझी,
ठेंगी


१९ जुलै

दादा,

अक्षर वाकडं आहे कारण पडून लिहितेय. दमलेय, बाकी काही नाही.

परवा सकाळी मावशींचा, म्हणजे मिक्सरवाल्यांच्या आईचा फोन आला. त्यांना ताप चढला होता, बोलताना वाक्य पुरं होत नव्हतं. मी ड्यूटीवरच होते. काकांनी गाडी अशी काढली की मी त्यांना पहिल्यांदा रागावले नाही. वर जाऊन बघितलं आणि कळलं, आज नेलं नाही तर उद्या न्यायला ते नसतील. मी त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, “तुमच्या अटी मला पाठ आहेत. त्या पाळल्या तर येणार?”

त्यांनी मान हलवली.

“मग मला इमारतीतल्या लोकांना सांगावं लागेल. सांगू?”

“काय सांगाल?”

“खरं तेच. तुम्हाला खाली न्यायचंय, आणि कुणी बघायला नकोय.”

मास्कच्या आत त्यांचा श्वास घरघरत होता. म्हणाले, “सांगा.”

दुसरी गाडी मागवली, अग्निशमन दलाचे चार जण मागवले. त्यांच्याकडे जड माणसाला बसवून जिन्यावरून उतरवायची पट्ट्यांची खुर्ची असते. ती येईपर्यंत काका आणि मावशींनी त्यांच्या अंगात दोन चादरींचा अंगरखा शिवल्यासारखा बांधला, सेफ्टी पिना लावून, गळ्यापासून पायापर्यंत. काका म्हणाले, “राजासारखे दिसताय.” ते म्हणाले, “सोफ्यासारखा दिसतोय.” पण हात फिरवून घट्ट आहे की नाही ते तपासून घेतलं.

मी दारं वाजवत खाली गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या समोरच्या घरातल्या आजोबांनी ऐकून घेतलं आणि काही न बोलता दार लावलं. मला कळेना, रागावले की काय. दुसऱ्या मजल्यावर एक बाई म्हणाल्या, “अहो, पण आम्ही मदतीला येतो ना.” मी म्हटलं, “हीच मदत आहे. दार लावून घ्या आणि ते खाली जाईपर्यंत उघडू नका.” त्या म्हणाल्या, “एवढीच?” मीही वर हेच विचारलं होतं. शेजारच्या घरातला एक माणूस वैतागला, त्याला कामावर निघायचं होतं. त्याला मी म्हटलं, “निघा, पण आत्ता, या क्षणी.” तो बूट हातात घेऊन धावत खाली गेला. पहिल्या मजल्यावर चष्मेवाल्या एका माणसाने मला बोलूच दिलं नाही. “मी गेटवर थांबतो,” म्हणाला. “कुणाला आत येऊ देत नाही.” आणि चपला न घालताच गेला.

मग आम्ही त्यांना उचललं. चार जण खुर्चीला, एक खालून आधाराला, मी शेजारी ऑक्सिजन धरून. पायऱ्या अरुंद होत्या. खुर्ची एकेक पायरी उतरताना घासल्यासारखा आवाज व्हायचा. त्यांनी डोळे गच्च मिटले होते आणि माझा दंड इतका आवळून धरला होता की अजून वळ आहेत.

दुसऱ्या मजल्यावर वळणाशी सगळ्यांना दम खायला थांबावं लागलं. तिथे खालून धरणाऱ्याचा पाय जरा सरकला, तर मी मध्ये खांदा घातला. सावरलं. मग एकदम शांतता झाली. इमारतीत दिवसा एवढी शांतता कधी असते? कुणाचा टीव्ही नाही, भांडं नाही, मूल नाही.

त्यांनी डोळे उघडले. वर बघितलं, खाली बघितलं. “सगळे गेले कुठे?”

“घरात आहेत. दारं लावून.”

“सगळे?”

“सगळे.”

ते त्या बंद दारांकडे बघत राहिले. मग मास्क बाजूला करून, धापा टाकत, समोरच्या दाराला म्हणाले, “ताई, तुमचा मिक्सर झालाय. आईकडून घेऊन जा.”

मग दाराच्या अगदी जवळून, म्हणजे त्या दाराला टेकूनच उभ्या असणार, त्या बाईंचा आवाज आला. “घाई नाही हो. तुम्ही आधी बरे होऊन या. माझं चाललंय पाट्यावर.”

शेजारच्या दारातून एक म्हातारा आवाज, “माझा पंखा पण राहू द्या.” वरून ते आजोबा, “इस्त्री मस्त चालतेय, सांगायचं राहिलं होतं.” कुणी दार उघडलं नाही, दादा. फटसुद्धा नाही. सगळे दारांच्या आडून बोलत होते, हळू आवाजात, आणि मिक्सरवाले प्रत्येक दाराकडे मान वळवून हं, हं करत होते. अग्निशमनवाल्यांपैकी एक धिप्पाड माणूस भिंतीकडे तोंड करून नाक शिंकरायला लागला.

खाली गेटवर तो चष्मेवाला अनवाणी उभा होता, आमच्याकडे पाठ करून. त्याच्यापलीकडे रस्त्यावर दहा-बारा लोक जमले होते. त्यांनाही त्याने पाठी फिरवायला लावल्या होत्या. आम्ही गाडीत चढवून दार लावेपर्यंत एकानेही मागे बघितलं नाही.

गाडीत मावशी माझ्या कानाशी म्हणाल्या, “शूटिंग केलं होतं तो हाच.”

पुरे आता. पाठ दुखतेय. म्हणजे, दमलेय.

तुझी,
ठेंगी


२ ऑगस्ट

दादा,

वहिनीने ओळखलंच. ती म्हणाली, “पडून लिहितेय म्हणजे पडलीय.” तर ऐक. त्या वळणावर खांदा घातला तेव्हा कमरेत चमक भरली. मणका जरा सरकलाय. अजून काही आठवडे जड उचलायचं नाही, आणि नंतरही कदाचित गाडीवर नाही, कंट्रोल रूममध्ये बसावं लागेल. अजून नक्की नाही. काका येऊन जेवण देऊन जातात, आणि गाडीवर माझ्या जागी आलेल्या नव्या माणसाची नक्कल करून दाखवतात. मला हसायला मनाई आहे, दुखतं, म्हणून मुद्दाम करतात.

मिक्सरवाले वाचले. आठवडाभर अतिदक्षता विभागात होते, आता साध्या वॉर्डात. वॉर्डातल्या सिस्टरने पलंगाभोवती पडदा कायम ओढून ठेवायची त्यांची विनंती मान्य केली, आणि परवा त्यांनीच तो बाजूला केला, कारण समोरच्या खाटेवरच्या माणसाचा रेडिओ खरखरत होता आणि यांना राहवेना. वॉकर धरून ते दारापर्यंत चालतात. इमारतीच्या तळमजल्यावर मीटिंगची एक खोली आहे, ती लोकांनी त्यांना राहायला आणि दुकानाला द्यायचं ठरवलंय. चष्मेवाल्याने रंग द्यायला घेतलाय. मावशी अजूनही त्याच्याशी बोलत नाहीत. बरोबरच आहे त्यांचं.

मी कमरेला पट्टा बांधून त्यांना भेटायला गेले होते. त्यांनी खुर्ची पुढे सरकवायला लावली आणि म्हणाले, “आता तुम्ही बोला. मी बसून ऐकतो.” मी म्हटलं, मला काय झालंय? त्यांच्यात ही खोड आहे, गप्प बसायची. मग मी तुझं सांगितलं. तू किती बोलायचास, कोर्टात समोरच्याला कसा घाम फोडायचास, आणि आता कसा पडदे ओढून बसतोस. मी तुझ्यासाठी व्यायामांची पुस्तकं आणली, शब्दांचे तक्ते आणले, तुझ्या तोंडासमोर बोट धरून ‘पा-णी’ म्हणून घेतलं, तरी तू पाटी फेकलीस, हेही सांगितलं.

ते म्हणाले, “त्यांना विचारलंत का?”

“काय?”

“मला विचारलंत तेच. काय काय असलं तर तुम्ही आलेलं चालेल.”

मग मला हसू आलं आणि कमरेत कळ आली.

म्हणून विचारते, दादा. काय काय असलं तर मी आलेलं चालेल? मला खरंच माहीत नाही. सावकाश सांग. कसंही सांग. मी तोवर अंदाज बांधणार नाही.

तुझी,
ठेंगी


२४ ऑगस्ट

दादा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते पाकीट आधी काकांना दाखवलं, मग उघडलं. डाव्या हाताचं तुझं अक्षर मोठं, पोरासारखं आहे. ‘ये. तक्ते नको. मध्ये बोलू नको. मी चुकेन. चुकू दे.’ एवढ्या पाच वाक्यांना तुला किती वेळ लागला असेल ते मी वहिनीला विचारलं नाही.

काल तुझ्याकडून आले आणि आज लगेच लिहितेय, कारण तिथे मी काही बोलू शकले नाही. बंदीच होती.

तू आम्हाला बाबांचा किस्सा सांगायला घेतलास तेव्हा वहिनीने माझ्याकडे घाबरून बघितलं, ते मला दिसलं. किस्सा मला पाठ आहे. लहानपणापासून शंभरदा ऐकलाय. बाबा त्यांच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कच्या निरोप समारंभाला गेले, चुकीच्या हॉलमध्ये शिरले, आणि माईक हातात आल्यावर दहा मिनिटं बोलले, “इतकी वर्षं खूप सोसलंत, पण आता सुटलात, आता कसलाही जाच नाही.” आणि खाली बसल्यावर शेजारचा त्यांच्या कानात म्हणतो, “साहेब, हे लग्न आहे.”

तुला प्रत्येक शब्द विहिरीतून ओढून काढावा लागत होता. ‘माईक’साठी तू तीनदा ‘चमचा’ म्हणालास, कपाळावर हात मारलास, पुन्हा सुरुवात केलीस. मला प्रत्येक शब्द येत होता आणि मी तो गिळत होते. दादा, त्या माणसाला जिन्यावरून उतरवताना मला एवढं जड गेलं नव्हतं. वहिनी पदराचं टोक पिळत होती. चहा गार झाला. तू घामाघूम झालास, पण थांबला नाहीस, आणि एकदाचा त्या शेजारच्या माणसापर्यंत आलास. तो बाबांच्या कानाशी वाकला. तूही माझ्या कानाशी वाकलास, पूर्वी वाकायचास तसाच, आणि म्हणालास,

“साहेब, हे... हे... ऑपरेशन आहे.”

आधी तूच हसलास. मी शपथेवर सांगते, आधी तू. मग वहिनी, मग मी, कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी धरून. इतक्या वर्षांत तो किस्सा इतका चांगला कधी झाला नव्हता. वहिनी डोळे पुसत उठली आणि चहा गरम करायला जाताजाता खिडकीचा पडदा सरकवून गेली, आणि तू तो परत ओढला नाहीस.

मी रविवारी येते. साक्षीदाराचा किस्सा ऐकायचाय, तुझ्या तोंडून. जेवून लगेच निघणार नाही, तेव्हा वेळ भरपूर आहे.

तुझी,
ठेंगी